गोधडीवरच्या फुलाची कड आत कशी घालावी

आम्ही मसुऱ्याहून बोलतोय, बचतगटात गोधड्या शिवणाऱ्या बायका. गोधडीवर वेगळ्या कापडाची फुलं, पानं, कोयऱ्या कापून लावतात, त्याला शहरात ॲप्लिक म्हणतात. आज त्या फुलापानांची कड आत कशी लपवायची ते सांगतो. ज्या बाईला नीट ठिगळ लावता येतं, तिला यातलं निम्मं काम आधीच येतं.

कड लपवायची कशाला? सुती कापड कापलं की कापल्या बाजूने दोरे सुटतात. जुन्या लुगड्याचं कापड तर वापरून विरलेलं असतं. थोड्या धुण्यांतच कड पिंजते, टाका सुटतो आणि फूल उचकटतं. घरची गोधडी असेल तर आपण पुन्हा चार टाके घालतो. विकत घेणारी घालत नाही, आणि पुन्हा आपल्याकडे येतही नाही.

बाळाच्या दुपट्याची गोष्ट याहून गंभीर. सुटलेला दोरा तान्ह्या बाळाच्या बोटाला गुंडाळून आवळला, तर रक्त अडतं, बोट सुजतं. बाळ रडत राहतं आणि कारण कोणाच्या लवकर लक्षात येत नाही. म्हणून दुपट्यावर उघडी कड आमच्या गटात चालतच नाही. मशीनचा झिगझॅगही नाही, कारण वापरता वापरता त्यातूनही दोरे निघतात.

आता कामाला लागू. कापड आधी धुऊन घ्या, म्हणजे आटायचं ते आटेल. लाल, निळं, काळं कापड ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, रंग लागला तर ते गोधडीला नको. मग सुलट बाजूवर फुलाचा आकार काढा. साबणाच्या वडीचा उरलेला पातळ तुकडा यासाठी खडूपेक्षा बरा, रेघ बारीक येते आणि धुतली की जाते. रेघेच्या बाहेर पाव इंच कापड ठेवून कापायचं. हे पाव इंच म्हणजे आपलं मार्जिन. बारीक पाकळी असेल तर त्याच्या निम्मं पुरतं. जास्त ठेवलं की आत गाठोडं होतं, कमी ठेवलं की टाक्यातून निसटतं.

सरळ कड कोणीही दुमडेल. खरी परीक्षा गोलाईला आणि टोकाला.

गोलाई दोन तऱ्हेची. एक आत वळलेली, कोयरीच्या मानेसारखी. तिथे मार्जिनला कात्रीने छोटे छोटे छेद द्यायचे, पण रेघेपासून एक-दोन धागे अलीकडेच थांबायचं. छेद दिले नाहीत तर कापड ताणतं आणि दुमडतच नाही. दुसरी गोलाई बाहेर फुगलेली, पाकळीसारखी. इथे पुष्कळजणी छेद देतात, आणि मग पाकळीला कंगोरे दिसतात. इथे छेद नको. मार्जिनमध्ये बारीक धावदोरा घाला, फुलाच्या नेमक्या आकाराचा पुठ्ठा उलट बाजूला ठेवा आणि दोरा हलका ओढा. कापड पुठ्ठ्याभोवती आपोआप वळतं. वरून इस्त्री फिरवा, पुठ्ठा काढून घ्या. वहीचा जुना पुठ्ठा चालतो, प्लॅस्टिक नको, इस्त्रीने वितळेल.

इस्त्रीआधी मार्जिनला तांदळाची पातळ खळ बोटाने लावली तर घडी कडक बसते. पण काम संपल्यावर गोधडी धुवायचीच. खळीला झुरळं लागतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीही धरते.

पानाचं टोक असं: टोकाचं जादा कापड थोडं छाटा, टोक सरळ आत दुमडा, मग एक बाजू दुमडून टोकापर्यंत शिवत या. टोकावर एक जादा टाका घाला. मग दुसरी बाजू सुईच्या अणीने आत ढकला. दोन्ही बाजू एकदम दुमडायला गेलात तर टोक बोथट होतं. बदामाच्या खाचेत याच्या उलट. तिथे रेघेपर्यंत एकच छेद जातो आणि मार्जिन जवळजवळ उरतच नाही, म्हणून तीन-चार टाके अगदी दाट घालायचे.

दोरा फुलाच्या रंगाचा घ्या, खालच्या कापडाच्या नव्हे. सुई खालून घडीच्या अगदी काठावर काढायची आणि लगेच शेजारी खालच्या कापडात घालायची. पुढे सरकायचं ते खालून. दोन टाक्यांत तांदळाच्या अर्ध्या दाण्याइतकं अंतर. वर काही दिसत नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या ठिगळ लावतानाही म्हणतात, ‘कड भायर दिसाक नको.’

प्रत्येक कड मात्र दुमडायची नसते. देठाचं टोक फुलाखाली जाणार असेल तर ते तसंच सपाट सोडा, त्यावर फूल बसलं की झाकलं जातं. म्हणून आधी देठ, मग पान, शेवटी फूल. उत्तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी नावाच्या गोधड्या शिवतात, त्यांची सगळी रीत यावरच उभी आहे. हे लोक मुळचे आफ्रिकेतले, बोली कोकणी-मराठीच्या मिसळणीची. त्या एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने मधे येतात. तुकड्याची कड शिवता शिवता बोटानेच आत दुमडतात, आणि जी बाजू पुढच्या तुकड्याखाली जाणार ती मोकळी सोडतात. पुठ्ठा नाही, इस्त्री नाही. तुकडा आणि गोधडी दोन्ही एकाच धावदोऱ्याने धरली जातात. चौकोनी तुकड्यांसाठी ही रीत आम्हाला सगळ्यांत सोपी वाटते. नाजूक फुलाला ती जमत नाही.

एक अडचण राहिली. पांढऱ्या फुलाखालून गडद कापड दिसतं आणि आतलं मार्जिन रेघेसारखं उमटतं. त्यासाठी फुलाच्या आत, मार्जिन सोडून, पांढऱ्या कापडाचा आणखी एक थर घाला.

आता पैशाचं. पाच पाकळ्यांचं एक फूल असं लावायला मशीनपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. आंगणेवाडीच्या जत्रेला मुंबईहून आलेली बाई किंमत ऐकून ‘एवढी?’ म्हणते, तेव्हा तिच्या हातात गोधडी द्या आणि फुलाच्या कडेवरून नख फिरवायला सांगा. कुठे अडकत नाही हे तिचं तिलाच कळतं. पायपुसणं किंवा बाजाराची पिशवी असेल तर खुशाल झिगझॅग मारा आणि किंमत कमी ठेवा. पण दोन्ही माल एकाच ढिगात मांडू नका, आणि हाताच्या कामाला किती तास लागले ते प्रत्येकीने चिठ्ठीवर लिहून तुकड्याला टाचून ठेवा. गटात मजुरी वाटताना ती चिठ्ठी लागते.