शेवटचे दोन शब्द

१६ फेब्रुवारी १९५१. न्यूयॉर्कचे टाउन हॉल. जर्मन सोप्रानो लोट्टे लेहमान यांची मैफल मध्यावर आली होती. त्यांनी श्रोत्यांना सांगितले, ही आपली निरोपाची मैफल. सभागृहातून ‘नाही, नाही’ असा गलका उठला. तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या.

ही मैफल ‘लीट’ या गीतप्रकाराची होती. लीट म्हणजे कवितेला दिलेली चाल, एवढीच समजूत करून घेतली तर निम्मे हातचे सुटते. ऑपेरात वेश, नेपथ्य, वाद्यवृंद असतो. लीटमध्ये एक गळा आणि एक पियानो. पियानो इथे साथीला नसतो, तो कवितेचा दुसरा निवेदक असतो. शब्द थांबले की पुढचे तो सांगतो.

वेश नसल्यामुळे गाणाऱ्याचे स्त्री-पुरुषपणही गळून पडते. शूबर्टची ‘विंटरराइझ’ ही चोवीस गीतांची माला १८२७ सालची. तिच्यात बोलतो तो प्रेमात हरलेला पुरुष. लेहमान यांनी ती गायिली, ध्वनिमुद्रितही केली. आपल्या लावणीत वा अभंगात पुरुषाने स्त्रीच्या तोंडचे शब्द गाणे आपल्याला नवे नाही, म्हणून यातले धाडस आपल्याला चटकन जाणवत नाही.

त्या संध्याकाळचे अखेरचे गीत शूबर्टचे ‘आन डी म्युझीक’. १८१७ सालचे, शब्द त्याच्या मित्राचे, फ्रान्झ फॉन शोबर याचे. दोनच कडवी. उदास घटकांत सांभाळणाऱ्या कलेचे आभार, एवढाच आशय. उजवा हात संथ स्वरमेळ देत राहतो आणि डाव्या हातात, खर्जात, गळ्याशी बोलणारी दुसरी चाल चालते.

१९३८ साली ऑस्ट्रिया हिटलरने गिळल्यावर, ज्या व्हिएन्नात लेहमान यांची कारकीर्द फुलली ते शहर त्यांना परके झाले होते. हातात राहिली ती भाषा आणि ही गीते. अखेरच्या ओळीतले आभाराचे शब्द आले आणि गळा दाटला. ते शब्द त्या उच्चारू शकल्या नाहीत. पियानोवर पॉल उलानोव्स्की होते. त्यांनी उरलेले स्वर वाजवून गीत पुरे केले.

जर्मन मला येत नाही. शब्दकोश शेजारी ठेवून मी हे ध्वनिमुद्रण अनेकदा ऐकले. आधी वाटे, गायिकेने स्वतः रडायचे नसते, श्रोत्याला रडू द्यायचे असते. तेव्हा हा दोषच. आता तसे वाटत नाही. शूबर्टने शेवटचा शब्द गळ्याला दिलाच नव्हता. गाणे थांबल्यावरचे स्वर त्याने पियानोसाठी राखून ठेवले होते. त्या दिवशी पियानोला आपले काम थोडे आधी सुरू करावे लागले, इतकेच.