बदलून मिळालेल्या लॅपटॉपलाही तीच रेघ? आधी दोष ओळखा, मग कागद जोडा

लॅपटॉपच्या स्क्रीनवर उभी रेघ आली, सर्व्हिस सेंटरला चकरा झाल्या, शेवटी कंपनीने लॅपटॉपच बदलून दिला. महिनाभर बरा चालला आणि पुन्हा तीच रेघ, नाहीतर तीच लुकलुक. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे एका चकरेत दिवस मोडतो. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याचा धंदा बुडतो, विद्यार्थ्याचा अभ्यास अडतो. वर काउंटरवर ऐकायला मिळतं, "हा लॅपटॉप वेगळा, त्यामुळे तक्रारही नवीन." ग्राहक अडकतो तो इथेच. जुनी आणि नवी तक्रार एकाच साखळीत बांधली नाही, तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि वॉरंटीचे दिवस मात्र सरत जातात.

दोष कुठे आहे, घरीच तपासा

सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी चार साध्या चाचण्या करून घ्या.

• रेघ दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाईलवर पाहा. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर दोष बहुधा स्क्रीनमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये आहे.

• लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवरही तसंच दिसलं तर ग्राफिक्स किंवा ड्रायव्हरकडे संशय जातो.

• झाकण हळूहळू पुढे-मागे करा. कोनाप्रमाणे लुकलुक बदलत असेल तर बिजागरीतून जाणारी स्क्रीनची केबल ढिली किंवा दबलेली असू शकते.

• चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवा. लुकलुक थांबली तर चार्जर, घरातलं अर्थिंग किंवा व्होल्टेज तपासायला हवं.

प्रत्येक चाचणीचा छोटा व्हिडिओ काढा. त्यात लॅपटॉपच्या खालचा सिरीयल नंबरही दिसू द्या. लुकलुक कधी येते, कधी जाते. नेमकी काउंटरवर आली नाही, तर "दोष आढळला नाही" असा शेरा मारून लॅपटॉप परत मिळतो. अशा वेळी व्हिडिओच कामाला येतो.

पुन्हा पुन्हा का होतं?

एक कारण कंपनीकडचं असतं. त्याच मॉडेलमध्ये तोच पॅनेल, तीच केबल असते. रचनेतच खोट असेल तर बदली लॅपटॉपमध्येही ती येणारच. बदली म्हणून दिलेला लॅपटॉप किंवा सुटा भाग अगदी कोराच असेल असंही नाही. दुरुस्त करून तपासलेला माल देण्याची मुभा अनेक कंपन्या वॉरंटीच्या अटींत ठेवतात.

दुसरं कारण आपल्याकडचं असू शकतं. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडणं, कीबोर्डवर पेन राहून झाकण बंद होणं, एसटीच्या गर्दीत बॅग दाबली जाणं, यानेही स्क्रीनवर डाग आणि रेघा येतात. स्क्रीनला तडा किंवा दाबाची खूण दिसली की कंपनी वॉरंटी नाकारते. म्हणून बदली लॅपटॉप मिळाल्यापासून झाकण मधोमध धरून उघडा आणि बॅगेत त्याच्यावर वजन ठेवू नका.

एखादाच काळा ठिपका असेल तर गोष्ट वेगळी. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. त्यातले मोजके बंद असले तर बऱ्याच कंपन्या तो दोष धरत नाहीत. वॉरंटीच्या अटींत ही मर्यादा लिहिली आहे का, ते बघून घ्या.

बदली लॅपटॉप घेताना

सही करण्याआधी काउंटरवरच लॅपटॉप चालू करा. पांढऱ्या, काळ्या, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा कोरा फोटो पूर्ण स्क्रीनवर लावून बघा. बदलीच्या कागदावर जुना आणि नवा, दोन्ही सिरीयल नंबर लिहून घ्या. बहुतेक वेळा बदली लॅपटॉपला मूळ वॉरंटीचे उरलेले दिवसच मिळतात, त्यामुळे नव्या नंबरवर वॉरंटी कधी संपते ते कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. जुना लॅपटॉप देण्याआधी त्यातली माहिती दुसरीकडे उतरवून घ्या. एकदा गेला की ती परत मिळेल याचा भरवसा नाही.

तक्रार अशी लिहा

फोनवरच्या बोलण्यावर राहू नका, ईमेल करा. मजकूर एवढा पुरे: "मूळ लॅपटॉप अमुक तारखेला घेतला. स्क्रीनच्या दोषासाठी अमुक क्रमांकाची जॉबशीट झाली. अमुक तारखेला बदली लॅपटॉप मिळाला. त्यातही अमुक तारखेपासून तोच दोष आहे. दोषमुक्त लॅपटॉप किंवा पूर्ण रक्कम परत द्यावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे." सोबत बिल, सगळ्या जॉबशीट आणि व्हिडिओ जोडा. ईमेल कंपनीला आणि विक्रेत्याला, दोघांनाही पाठवा. दर वेळी जॉबशीटवर दोषाचं नेमकं वर्णन लिहून घ्या. नुसतं "डिस्प्ले प्रॉब्लेम" लिहून चालणार नाही.

तरीही दाद मिळाली नाही तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन कंपनीशी संपर्क साधते, पण आदेश देऊ शकत नाही. आदेशासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावं लागतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. लॅपटॉप पुण्याहून घेतलेला असो की ऑनलाइन मागवलेला. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते, म्हणून "बघू, करू" म्हणत दिवस घालवू नका. दोष दूर करणं, वस्तू बदलून देणं, पैसे परत करणं आणि नुकसानभरपाई असे आदेश आयोग देऊ शकतो. गरज पडल्यास वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवता येते. निकाल ३ महिन्यांत, तपासणी लागल्यास ५ महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो.

"लॅपटॉप धंद्यासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहक नाही," असंही कधी सांगितलं जातं. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरणारा माणूस कायद्याने ग्राहकच आहे. झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान स्वतः चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बिल, जॉबशीट आणि बदलीचा कागद आजच एका फाईलमध्ये लावा आणि तिन्हींचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पुसट होतं, त्याची झेरॉक्स आधी काढा.