विमानाखालचा पत्रा

म्हैसूरचे हेब्बाळ बाहेरच्यांना माहीत असते ते इन्फोसिसच्या विस्तीर्ण आवारामुळे. पण वसाहतीच्या आतल्या रस्त्यांना वळले की खरे हेब्बाळ सुरू होते: प्रेस शॉप, टूलरूम, पावडर कोटिंगवाले, फॅब्रिकेशनच्या शेड. दाराशी भंगाराचे ढीग आणि त्यांत पंच मारून उरलेल्या भोकाभोकांच्या पट्ट्या. प्लॅस्टिक अभियांत्रिकी शिकवणारी केंद्र सरकारची 'सिपेट' ही संस्थाही याच वसाहतीत आहे. लष्करी विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवण्याचा छंद असलेल्या माझ्यासारख्याला यापेक्षा सोयीची जागा कोणती? एका हाताला प्लॅस्टिक, दुसऱ्या हाताला पत्रा.

आमच्या छंदात विमानाचे कौतुक होते आणि जमिनीची उपेक्षा. दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेन या लढाऊ विमानाच्या पंखावरचा एकेक रिव्हेट मोजणारा माणूस विमान शेवटी हिरव्या भुशाच्या गालिच्यावर उभे करतो. थोडा जाणकार असेल तर खाली भोकांचा पोलादी पत्रा अंथरतो, आणि तिथेच निम्मे घोळ होतात.

या पत्र्याचे नाव पीएसपी, म्हणजे पिअर्स्ड स्टील प्लँक. लोक त्याला मार्स्टन मॅटही म्हणतात, कारण नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकन सैन्याने नॉर्थ कॅरोलायनातल्या मार्स्टन गावाजवळ तो पहिल्यांदा सरावासाठी अंथरला. लांबी १० फूट, रुंदी १५ इंच, वजन सुमारे ३० किलो. तीन ओळींत २९-२९, अशी एकूण ८७ भोके. लांबीच्या एका कडेला आकडे, दुसऱ्या कडेला खाचा. आकडा खाचेत घालायचा, पत्रा सरकवायचा, क्लिप ठोकायची आणि पुढचा घ्यायचा. वेल्डिंग नाही, नटबोल्ट नाही.

भोकांमुळे वजन घटते, पाणी निचरते, हे कोणीही सांगेल. त्यातली खरी हुशारी प्रेसवर काम करणाऱ्याला लगेच कळते. सपाट पत्र्याला नुसती भोके पाडली तर तो आणखी लेचापेचा होतो. इथे भोकाची कड वळवून तिला छोटी कॉलर दिली आहे आणि भोकांच्या ओळींमध्ये लांबीभर दोन खोलगट पन्हळी दाबल्या आहेत. ताकद त्या कॉलरमध्ये आणि पन्हळींत आहे. जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीचा पत्रा मऊ जमिनीवर लढाऊ विमान पेलतो तो या दोन घड्यांच्या जोरावर.

आता हिशेब. ५००० फूट लांब आणि १५० फूट रुंद धावपट्टीला असे ६०,००० पत्रे लागतात, म्हणजे अंदाजे १८०० टन पोलाद. जहाजातून उतरवायचे, ट्रकवर चढवायचे आणि माणसांच्या हातांनी जोडायचे. तरीही सिमेंटच्या धावपट्टीपुढे हे काम झटपट होई, आणि बॉम्ब पडला तर तेवढेच पत्रे काढून खड्डा भरून नवे बसवता येत. पॅसिफिकमधल्या बेटांपासून युरोपातल्या शेतांपर्यंत हा पत्रा पसरला तो यामुळे.

हाच पत्रा १:७२ प्रमाणात आणला की ४२.३ मिलिमीटर लांब आणि ५.३ मिलिमीटर रुंद होतो. १:४८ ला ६३.५ बाय ७.९, आणि १:३५ ला ८७ बाय १०.९. डाकोटा या मालवाहू विमानाचा पंखविस्तार ९५ फूट, म्हणजे १:७२ मध्ये साधारण ४० सेंटिमीटर. तिच्याखाली ४५ बाय ३५ सेंटिमीटरचा पाट भरायला सातशे पत्रे लागतील, म्हणजे एकसष्ट हजार भोके! म्हणून शहाणा माणूस डाकोटाऐवजी हरिकेन निवडतो. २० सेंटिमीटरच्या चौकोनी पाटाला १८० पत्र्यांत भागते.

बाजारात यासाठी कोरीव पितळी पत्रे मिळतात, रेझिनचे तयार पाटही मिळतात. पण परदेशातून मागवलेल्या पाटाची किंमत त्यावरच्या विमानापेक्षा जास्त होते. ज्याला इलेक्ट्रॉनिक्सचे सर्किट बोर्ड घरी बनवायची सवय आहे त्याला हे पत्रे स्वतः कोरता येतात. संगणकावर आराखडा काढायचा, पारदर्शक फिल्मवर छापायचा, ०.१ मिलिमीटरच्या पितळी पत्र्यावर फोटोरेझिस्ट चढवून अतिनील दिव्याखाली धरायचा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचा आणि मग फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचा. भोके दोन्ही बाजूंनी खाल्ली जातात म्हणून आरपार होतात. पन्हळींचा आराखडा एकाच बाजूला ठेवायचा, म्हणजे तिथे द्रावण अर्ध्या जाडीपर्यंतच पोचते. हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी, आणि वापरलेले द्रावण मोरीत ओतायचे नाही. त्यात तांबे उतरलेले असते.

एवढा उपद्व्याप नको असेल तर स्वस्त वाट आहे. पितळी पत्र्याचा एकच चांगला तुकडा साचा म्हणून घ्यायचा. हॉटेलातून जेवण येते त्या अॅल्युमिनियमच्या डब्याचा सपाट तळ कापून त्यावर ठेवायचा, आधी कापसाच्या बोळ्याने आणि मग टूथपिकच्या बोथट टोकाने घासायचा. पन्हळी उठतात, भोकांच्या जागी खळगे पडतात. खळगेच पडतात, भोके नाहीत, म्हणून नाक मुरडू नका. पावसाळ्यातल्या धावपट्टीवर पत्र्याची भोके रिकामी कधी असत? ती चिखलाने भरलेली असत. १:७२ मध्ये चिखल भरलेला खळगा आणि चिखल भरलेले भोक यांत डोळ्याला फरक दिसत नाही.

मांडणीच्या दोन गोष्टी मात्र सोडू नयेत. पत्र्याची लांबी धावपट्टीला आडवी असते, विमान ज्या दिशेने धावते त्या दिशेला नाही. भार वाटला जावा, हा हेतू. दुसरे म्हणजे सांधे विटांच्या बांधकामासारखे एकाआड एक सरकवलेले असतात, त्यामुळे कडेला अर्धा पत्रा लागतो. घरात नवी फरशी बसवावी तसे सगळे सांधे एका रेषेत आणलेले पाट मी प्रदर्शनांत बक्षीस घेताना पाहिले आहेत. परीक्षकांची नजर विमानावरच होती.

रंगाचा क्रमही उलटा चालत नाही. आधी गडद हिरवट रंग, मग कडांना आणि सांध्यांना गंज, मग चिखल. पाटावर प्लास्टर, गोंद आणि चाळलेली माती यांचा ओला थर द्यायचा आणि पत्रे त्यात दाबायचे. चिखल भोकांतून आपोआप वर येतो. ओल्या स्पंजने एकदाच पुसायचे. शेवटी चाकांच्या वाटेवर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने घासायची, कारण टायरच्या घर्षणाने तिथले पोलाद उघडे पडून चकाकत असे. पत्रे थोडे वरखाली हवेत. खरी धावपट्टी चाकांखाली लाटेसारखी उठे आणि खडखडाट करी.

माती कुठली, हाही प्रश्न आहे. हेब्बाळची तांबडी माती फुकट मिळते आणि चाळल्यावर सुरेख दिसते. पण भारतीय हवाई दलाची हरिकेन विमाने १९४४ मध्ये जिथून लढली त्या इंफाळच्या खोऱ्यातली माती काळपट राखाडी, चिकण. तांबड्या मातीत रुतलेली इंफाळची हरिकेन म्हणजे थापच.

आणि आता मुद्द्याची गोष्ट: त्या हरिकेनखाली पीएसपी मुळात होता का?

फेब्रुवारी १९४४ मध्ये भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळला आली आणि जपानी वेढ्याच्या काळात तिथूनच लढली. त्याच वर्षी माउंटबॅटन यांनी अर्जन सिंग यांना तिथे डीएफसी पदक दिले. आपल्याकडे १:७२ ची हरिकेन करणारा जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी हे विमान करतो, आणि दोन परदेशी पुस्तके चाळून खाली अमेरिकन पत्रा टाकतो. इंफाळच्या खोऱ्यात तेव्हा अर्धा डझन धावपट्ट्या होत्या. बारमाही वापरता येतील अशा दोनच, इंफाळ मेन आणि पालेल. बाकीच्या कोरड्या हवेपुरत्या, म्हणजे बहुधा दाबलेली मातीच.

शिवाय ब्रिटिशांचे स्वतःचे प्रकार वेगळे होते. सॉमरफेल्ड ट्रॅक ही लोखंडी सळ्या अडकवलेली तारेची जाळी, जर्मनीतून आलेल्या एका अभियंत्याच्या नावाची. स्क्वेअर मेश म्हणजे चौकोनी जाळी. या दोन्हींत गोल भोके नाहीतच. आणि बर्मा आघाडीचा खास आपला प्रकार म्हणजे बिथेस: बंगालच्या तागाचे गोणपाट डांबरात बुडवून केलेल्या लांब पट्ट्या. चौदाव्या सैन्याचे मुख्य अभियंता मेजर जनरल हेस्टेड यांच्या लोकांनी माती एकसारखी दाबून त्यावर या पट्ट्या कडेवर कड ठेवून अंथरल्या. तामू ते कलेवा हा रस्ता असाच झाला, धावपट्ट्याही झाल्या. पोलाद समुद्रापलीकडून येणार, ताग कलकत्त्यात तयार. निर्णय सोपा होता. प्रतिकृतीत बिथेस करायला काय लागते? टिश्यू पेपरच्या पट्ट्या, काळा रंग आणि वरून धूळ. एका संध्याकाळचे काम. तरी ते मला अजून कोणाच्या पाटावर दिसलेले नाही, कारण ते 'दिसायला' भारी नाही.

पीएसपी भारतात होताच. ईशान्येत युद्धानंतर उरलेले पत्रे लोकांनी कुंपणांना, फाटकांना, नाल्यांवरच्या साकवांना वापरले, आणि ते अजून टिकून आहेत. स्वतंत्र भारताच्या हवाई दलानेही अरुणाचलातल्या मेचुका, विजयनगरसारख्या दुर्गम धावपट्ट्या बरीच वर्षे याच पत्र्यावर चालवल्या, काँक्रीट-डांबर अलीकडचे. ज्याला हौसेने पीएसपीच करायचा आहे त्याने तिथली विमाने करावीत. विषय आपला, पत्रा खरा, आणि त्या हिरव्या ओल्या प्रदेशात भोकांतून गवतही उगवलेले दाखवता येते.

म्हैसूर संस्थानाचाही या कथेत वाटा आहे, पण तो पत्र्याचा नाही, विमानांचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली ती म्हैसूर सरकारच्या जमिनीवर आणि भागीदारीत. १९४२ मध्ये भारत सरकारने वालचंद यांचा हिस्सा घेतला, १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या हाती गेला आणि बर्मा-चीन आघाडीवरची विमाने तिथे दुरुस्तीला येऊ लागली. युद्धानंतर कानपूरला भंगारात टाकलेली लिबरेटर बॉम्बर विमाने पुन्हा उडती केली तीही याच कारखान्याने. म्हणजे ईशान्येच्या चिखलातून येऊन कर्नाटकाच्या तांबड्या मातीवर उभे असलेले विमान, चाकांच्या खोबणीत अजून राखाडी चिखल, हा पाट इतिहासाला धरून होईल. त्याला एकही पत्रा लागत नाही आणि हेब्बाळची माती तिथे शोभते.

माझे मत स्पष्ट आहे. जमिनीचा फोटो मिळाला नाही तर पत्रा अंथरू नये. साधी दाबलेली माती करावी. ती चुकीची ठरण्याची शक्यता कमी, आणि खर्च शून्य.

अडचण फोटोंची आहे. पुस्तकांत छापताना विमान मोठे दिसावे म्हणून खालचा भाग कापला जातो. पण महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत आजोबा-पणजोबांचे बर्मा आघाडीवरचे फोटो आहेत: कोणी हवाई दलात तंत्रज्ञ, कोणी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. दिवाळीची आवराआवर करताना ते हाती लागले असतील तर स्कॅन करताना चेहऱ्यापुरते कापू नका. पायाखालचा भाग पूर्ण येऊ द्या, आणि मागे पेन्सिलीने गाव किंवा तारीख लिहिलेली असेल तर ती बाजूही स्कॅन करा.