गुडघ्याची दुखापत : शस्त्रक्रिया आणि व्यायामोपचार

कबड्डी, खोखो, फुटबॉल यांसारख्या खेळांत पाय जमिनीवर रोवलेला असताना धड एकाएकी वळते आणि त्या वळणाचा सारा पीळ गुडघ्यावर येतो. उतारवयात हाच सांधा झिजेमुळे दुखू लागतो. या दोन्ही तक्रारींवर शस्त्रक्रिया हाच खरा उपाय आणि व्यायाम ही केवळ तात्पुरती सोय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. गेल्या काही दशकांतील तुलनात्मक प्रयोगांनी ती कसोटीस लावली. त्यांतून निघालेला निष्कर्ष एकेरी नाही. म्हणूनच तो बारकाईने समजून घेणे अगत्याचे आहे.

खुब्याच्या सांध्यात हाडाचा गोल माथा खोलगट उखळीत बसतो. गुडघ्यात तशी व्यवस्था नाही. मांडीचे हाड नडगीच्या सपाटप्राय माथ्यावर टेकलेले असते. त्याला स्थैर्य मिळते ते अस्थिबंधांमुळे आणि भोवतालच्या स्नायूंमुळे. सांध्याच्या मध्यभागी फुलीप्रमाणे एकमेकांना छेदणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांपैकी पुढचा, ज्याला खेळाडू 'ए. सी. एल.' म्हणून ओळखतात, नडगीला पुढे सरकू देत नाही. दोन हाडांच्या दरम्यान अर्धचंद्राकृती कूर्चेच्या दोन गाद्या असतात. या गाद्यांच्या केवळ बाहेरच्या कडेस रक्तपुरवठा असल्यामुळे आतील भाग फाटल्यास तो सहसा सांधला जात नाही.

झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून सांधा धुणे व खडबडीत भाग खरवडून काढणे ही शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास होत असे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे ब्रूस मोझली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 180 रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचा सांधा खरवडला, दुसऱ्याचा नुसता धुतला आणि तिसऱ्याच्या त्वचेवर फक्त छेद घेतले. कोणाच्या वाट्यास काय आले हे रुग्णांस ठाऊक नव्हते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, दोन वर्षांच्या अवधीत खऱ्या शस्त्रक्रियेचे दोन्ही गट लटक्या शस्त्रक्रियेच्या गटापेक्षा सरस ठरले नाहीत. 2013 साली फिनलंडमधील 146 रुग्णांच्या प्रयोगात, झिजेमुळे फाटलेल्या गादीचा भाग कापून काढण्याबाबतही हेच आढळले. वेदना असह्य झाली म्हणजे रुग्ण डॉक्टरकडे जातो. त्यानंतर ती स्वभावतःच काहीशी ओसरते आणि उपचाराविषयीचा विश्वासही तिला उतार देतो. त्यामुळे तुलनेचा गट नसेल तर सारे श्रेय शस्त्रक्रियेच्या पदरी पडते.

यावरून शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असे मात्र अनुमान काढता येत नाही. सांधा बराच झिजला असल्यास कृत्रिम सांधा बसविण्याचा लाभ स्पष्ट आहे. 2015 साली डेन्मार्कमधील 100 रुग्णांच्या प्रयोगात, व्यायामादी उपचारांना सांधेबदलाची जोड मिळालेल्या गटास केवळ त्या उपचारांवर ठेवलेल्या गटापेक्षा अधिक आराम पडला. परंतु गंभीर उपद्रवही शस्त्रक्रियेच्या गटातच अधिक आढळले आणि दुसऱ्या गटातील सुमारे तीनचतुर्थांश रुग्णांनी वर्षभरात सांधेबदल करून घेतला नाही. तसेच गादीचा तुटलेला तुकडा मध्ये अडकून गुडघा सरळच होत नसेल, तर शस्त्रक्रियेत दिरंगाई करणे इष्ट नव्हे.

तरुण खेळाडूचा पुढचा अस्थिबंध तुटला असता प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण त्याचा पुढील खेळच त्यावर अवलंबून असतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील प्रयोगात नुकतीच दुखापत झालेल्या 121 तरुणांचे दोन गट केले होते. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्यास प्रथम व्यायाम देऊन, गरज भासल्यासच शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या स्थितीत लक्षणीय अंतर नव्हते आणि दुसऱ्या गटातील 59 पैकी 23 जणांनाच शस्त्रक्रिया करावी लागली होती. याउलट ब्रिटनमधील 316 रुग्णांच्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले, शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला. हा विरोध वरवरचा आहे. ब्रिटनमधील रुग्णांची दुखापत जुनी होती व त्यांचा गुडघा अद्याप दगा देत होता. पहिल्या प्रयोगातील रुग्णांपैकी कोण व्यायामाने सावरेल हे अद्याप ठरावयाचे होते; दुसऱ्यातील रुग्णांच्या बाबतीत काळाने बरीचशी निवड आधीच केली होती.

व्यायामाचे कार्यही नेमके समजून घेतले पाहिजे. मांडीच्या मागील स्नायू नडगीला मागे ओढतात, म्हणजे तुटलेल्या बंधाचे काही काम आपल्याकडे घेतात. पुढील स्नायू गुडघा सरळ करतात व शरीराचा भार पेलतात. हे बळ येण्यास महिने लागतात. शस्त्रक्रियेनंतरही या परिश्रमातून सुटका नाही. नॉर्वेतील 2016 सालच्या एका अभ्यासात, नऊ महिने पूर्ण होईपर्यंत खेळात परतण्यास जितका अधिक विलंब केला तितका पुन्हा दुखापत होण्याचा संभव कमी आढळला.

सारांश, शस्त्रक्रिया आणि व्यायामोपचार हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नसून त्यांचा क्रम व वेळ हा खरा विचारणीय प्रश्न आहे. सांधा अडकला आहे, दगा देतो आहे की केवळ दुखतो आहे, याचा निर्णय प्रथम व्हावयास हवा. छायाचित्रात दिसणारी फाट ही त्या निर्णयाची एक बाजू आहे, संपूर्ण निर्णय नव्हे.