तिसऱ्या रांगेतील प्रवासी

मोटार विकत घेण्यासाठी एखादे कुटुंब विक्रीदालनात जाते, तेव्हा चालकाच्या आसनावर प्रथम कुटुंबप्रमुख बसतो. शेजारी पत्नी बसते, मुले मधल्या रांगेत शिरतात. दारे उघडून-मिटून पाहिली जातात, पडद्यावरील नकाशा पाहिला जातो, रंगाची चर्चा होते. शेवटच्या रांगेत मात्र सहसा कोणी बसून पाहत नाही. पुढे गावी निघण्याचा दिवस उजाडला, की तेथे कोणी बसायचे हा प्रश्न उभा राहतो. आजीचे गुडघे दुखतात म्हणून ती नको, काका उंच म्हणून ते नकोत. अखेर ज्याचे घरात फारसे चालत नाही त्याची वर्णी तेथे लागते. सात आसनांच्या गाडीत सात माणसे किती तास सुखाने बसू शकतील, याचे खरे उत्तर याच रांगेत मिळते.

आपल्या देशात अशा मोठ्या गाड्या नव्या नाहीत. टाटा सुमो १९९४ मध्ये रस्त्यावर आली. तिच्या मागील भागात समोरासमोर दोन बाक असत आणि प्रवासी रस्त्याला आडवे बसत. माणसे पुष्कळ मावत; पण वळणावर सगळे एकमेकांच्या अंगावर कलंडत. २००५ मध्ये आलेल्या टोयोटा इनोव्हाच्या तिन्ही रांगा पुढे तोंड करून होत्या. मारुतीची अर्टिगा २०१२ मध्ये आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला तीन रांगांची गाडी आवाक्यातील वाटू लागली. त्यानंतर उंच, रुबाबदार एसयूव्ही गाड्यांचे आकर्षण वाढले. २०२१ मध्ये टाटांची नवी सफारी आणि महिंद्राची एक्सयूव्ही ७०० या दोन्ही गाड्या तीन रांगा घेऊन आल्या.

गाडी बाहेरून मोठी दिसली म्हणजे आतही ऐसपैस असेल, असा समज सर्वत्र आढळतो. तो तपासण्यासाठी एक माप उपयोगी पडते. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतच्या अंतराला व्हीलबेस म्हणतात. प्रवाशांची बहुतेक जागा याच अंतरात सामावलेली असते. २०२१ च्या सफारीची एकूण लांबी ४६६१ मिलिमीटर होती, तर २०१८ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या अर्टिगाची ४३९५. म्हणजे सफारी वीतभराहून अधिक लांब. परंतु व्हीलबेस पाहिला तर सफारीचा २७४१ आणि अर्टिगाचा २७४० मिलिमीटर. फरक अवघा एका मिलिमीटरचा! सफारीची अधिक लांबी चाकांच्या पुढे आणि मागे गेलेली आहे. तिची रुंदी व उंची जास्त आहे, हे खरे. पण पाय लांब करण्याची जागा केवळ बाहेरच्या लांबीवरून ओळखता येत नाही.

व्हीलबेस सारखा असला तरी बैठक सारखी असतेच असे नाही, कारण गाडीच्या तळाची उंची वेगवेगळी असते. हा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. काही गाड्यांचा वरचा सांगाडा शिडीसारख्या भक्कम लोखंडी चौकटीवर बसवलेला असतो. महिंद्राची स्कॉर्पिओ-एन अशी आहे. खडबडीत रस्त्यावर ही रचना उत्तम टिकते. परंतु त्या चौकटीवर तळ रचावा लागतो आणि मागची चाके फिरवणारी यंत्रणाही खालीच असते; त्यामुळे शेवटच्या रांगेजवळ तळ वर येतो. छत तर तितके उंचावता येत नाही. मग आसनच तळाच्या जवळ आणावे लागते.

याचा परिणाम शरीरावर होतो. नेहमीच्या खुर्चीवर बसले असता पाय जमिनीला टेकतात आणि मांड्या आसनावर पसरतात. शरीराचे वजन विभागले जाते. ठेंगण्या स्टुलावर बसले असता गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार कंबरेच्या खालच्या भागावर पडतो. तिसऱ्या रांगेत नेमके हेच घडते. जमिनीवर मांडी घालून बसण्याची सवय असलेल्यांनाही हे जड जाते, कारण येथे मांडी घालायला जागा नसते. अर्ध्या तासात काही जाणवत नाही. चार तासांनी उतरताना कंबर धरलेली असते.

इनोव्हाच्या दोन पिढ्यांची तुलना या दृष्टीने बोलकी आहे. २०१६ मधील क्रिस्टा शिडीसारख्या चौकटीवर उभी होती, तिची मागची चाके इंजिनाने फिरत आणि व्हीलबेस २७५० मिलिमीटर होता. २०२२ च्या अखेरीस दाखवण्यात आलेल्या हायक्रॉसमध्ये चौकट व वरचा सांगाडा एकसंध झाला, इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळू लागली आणि व्हीलबेस २८५० वर गेला. मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा नाहीसा झाल्याने तळ सपाट करणे सोपे झाले. पूर्ण लांबीत मात्र जेमतेम २० मिलिमीटरची वाढ झाली.

हादऱ्यांचा प्रश्न वेगळा. बसच्या शेवटच्या बाकावर बसून प्रवास केलेल्याला तो समजावून सांगण्याची गरज नाही. तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळजवळ वर असते. खड्ड्याचा धक्का तेथे सर्वांत थेट पोहोचतो. बाहेरचे नीट दिसत नसेल, तर गाडी लागण्याची शक्यताही वाढते.

मधली रांग पुढे-मागे सरकत असेल, तर जागेची वाटणी करता येते. अर्टिगात ही सोय आहे. स्कॉर्पिओ-एनमध्ये ती देण्यात आली नव्हती; तेथे मधल्या प्रवाशाला इच्छा असूनही मागच्यासाठी पुढे सरकता येत नाही. मधल्या रांगेत सलग बाकाऐवजी दोन स्वतंत्र आसने असतील, तर एक माणूस कमी होतो. पण मधून वाट मिळाल्यास वृद्धांना आसन ओलांडण्याची कसरत करावी लागत नाही. ज्या घरात सातवा माणूस क्वचितच असतो, त्या घराने सहा आसनांची गाडी घेणे अधिक शहाणपणाचे.

सामानाचा हिशेब तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तिसरी रांग उभी असताना अर्टिगात सामानासाठी २०९ लिटर जागा उरते. २०१९ मध्ये आलेल्या रेनॉ ट्रायबरची लांबी ३९९० मिलिमीटर ठेवण्यात आली, कारण चार मीटरच्या आतील छोट्या गाड्यांवरील कर कमी असतो. एवढ्याशा गाडीत सात आसने बसवली, तेव्हा मागे ८४ लिटर जागा राहिली. म्हणजे पाण्याचे वीस लिटरचे जेमतेम चार जार. तिसरी रांग काढून ठेवली, तर तीच जागा ६२५ लिटर होते. सात माणसे किंवा सात माणसांचे सामान, यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. दोन्ही हवे असेल, तर टपावर दोर बांधावा लागतो.

शेवटच्या रांगेत मुलांना बसवताना आसनपट्टा आणि डोक्याचा टेकू पाहणे अत्यावश्यक आहे. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसनाशिवाय नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार एक हजार रुपये दंड होतो. मागची काच मुलाच्या डोक्याच्या किती जवळ आहे, हेही हाताने मोजून घ्यावे.

गाडीची पारख करताना क्रम उलटा ठेवावा. प्रथम घरातील उंच माणसाने चालकाचे आसन आपल्या सोयीने लावावे. त्याच्या मागे दुसऱ्याने आरामात बसावे. मग त्याच्याही मागे तिसऱ्याने बसून, गुडघा व पुढील आसन यांत मूठ मावते का आणि मांडी आसनाला टेकते का, हे पाहावे. निदान पंधरा मिनिटे तेथून उठू नये. गाडी चालू करवून वातानुकूलनाचा झोत तेथपर्यंत येतो का, तेही तपासावे. पर्यटकांना घेऊन लांब पल्ल्याच्या वाटेवर जाणारे अनुभवी चालक प्रत्येक थांब्यावर मागच्यांना पुढे आणि पुढच्यांना मागे बसायला सांगतात.