फिरत्या घराचे तेल

अमेरिकेतील डिझेलवर चालणाऱ्या मोठ्या फिरत्या घरांचे इंजिन बहुधा मागे असते आणि त्यात पंचवीस लिटरांच्या आसपास तेल मावते. साध्या मोटारीला चार-पाच लिटर पुरते. तेव्हा ते स्वतः बदलणाऱ्याने आधी आपले भांडे पाहावे! खरा धोका मात्र निराळाच. यातील पुष्कळ गाड्या हवा भरलेल्या रबरी पिशव्यांवर तोललेल्या असतात. हवा निसटली की कित्येक टनांचा डोलारा खाली बसतो. केवळ जॅकच्या भरवशावरही खाली शिरू नये. चाके अडवून चौकटीला भक्कम लोखंडी आधार द्यावेत. इंजिन गरम, पण हाताला सोसेल असे असताना तेल काजळीसह चांगले निथळते. जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनला चिकटून राहिले आणि त्यावर नवे बसले, तर इंजिन सुरू होताच तेल बाहेर उसळते.