शिरवळच्या माळावर काळा दगड सापडलाय? आधी हे बघा
चुंबक चिकटलं म्हणून लगेच उल्का समजू नका, मंडळी! आपला सगळा मुलूख बेसाल्टचा. त्यात मॅग्नेटाइट असतं, म्हणून चुंबक इथे हमखास फसवतं.

दगड उन्हात धरून नीट न्याहाळा. बारीक भोकं किंवा त्यांत पांढरे स्फटिक दिसले, तर तो आपल्याच लाव्हाचा. (भट्टीच्या स्लॅगलाही भोकं असतात.) ताज्या उल्केवर कागदाइतकी पातळ काळी साल असते, टवका उडालेल्या जागी आत बहुधा फिकट राखाडी रंग आणि लोखंडाचे चमकते कण. नागपूर जिल्ह्यात काटोलला २२ मे २०१२ रोजी खरोखरच अशा दगडी उल्का पडल्या होत्या!

टाइलच्या मागच्या खडबडीत बाजूवर घासून लाल किंवा काळी रेघ उमटली, तर दगड बहुतेक पृथ्वीचाच. तरीही शंका उरली, तर न फोडता भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला दाखवा.